पातेगळ

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई उत्तरपत्रिकेत 'सारखं' हा शब्द दिसला की खोडायच्या. 'हृदय पंपासारखं काम करतं' असं कोणी लिहिलं, की ते सगळं वाक्य लाल रेघेखाली जायचं आणि समासात बाईंचं टोकदार अक्षर उमटायचं, 'हृदय हृदयाचं काम करतं. ते कोणतं, ते लिहा.' अर्धा गुण कापला जायचा तो वेगळाच. पोरं वैतागायची. पुसदच्या बाजारात गाईडं विकणारा म्हणायचा, की या बाईंच्या पोरांना माझा माल चालत नाही, त्यात नुसत्या उपमाच आहेत.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायची. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून. मी वर्गात उपमा अलंकार शिकवून यायचं आणि शेजारी बाई तोच अलंकार लाल पेनानं कापत बसलेल्या, हा आमचा रोजचा संसार. एकदा मी चिडून म्हटलं, बाई, तुमच्या या खोडाखोडीनं माझी पोरं कवितेतसुद्धा 'सारखं' लिहायला घाबरतात. त्यांनी मान वर केली नाही.

"कवितेनं कोणी मरत नाही," त्या म्हणाल्या. "तिथे लिहू दे."

यावर दुसरं कोणी असतं तर मी भांडले असते. भांडायची मला हौस आहे, ते सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. पण बाई असं का म्हणतात ते मला माहीत होतं. मी तिथे होते.

नव्या लोकांना खरं वाटायचं नाही, पण याच बाई एके काळी उपमांचा पाऊस पाडायच्या. त्यांचा तास चालू असला की मी व्हरांड्यात उगाच रेंगाळायची. बीजाभोवतीच्या पेशी म्हणजे बाळंतिणीभोवती जमलेल्या बाया, असं त्या सांगायच्या. एकीच्या हातात तेल, एकीच्या हातात शेक, आणि एक नुसतीच सल्ले देणारी. वर्ग हसायचा आणि ते पोरांच्या डोक्यात कायमचं बसायचं. मराठीची मी, आणि असा वर्ग मला कधी हसवता आला नाही. जळायचे मी त्यांच्यावर.

बाईंचा लाल थर्मास साऱ्या पुसदला माहीत होता. दर रविवारी सकाळी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, हातात तो थर्मास घेऊन त्या मटण मार्केटात जायच्या. मटण त्या खात नसत. त्यांना हवी असायची बकरीची अंडाशयं. कोपऱ्यावरच्या दुकानातले चाचा ती त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. बाईंनी पहिल्यांदा मागितली तेव्हा चाचांना वाटलं होतं की ही बाई करणीबिरणी करते. त्यांनी म्हणे बाईंच्या मागे माणूस पाठवून त्या कुठे जातात ते पाहिलं, आणि त्या कॉलेजच्या फाटकातून आत गेल्यावरच त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे त्यांनाच त्याचा नाद लागला. गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून ते बाईंना समजावत, "मॅडम, आज की बकरी बुढी थी, दाने कम है." दाने म्हणजे अंडाशयावर दिसणारे ते पाण्याचे फुगे, ज्यांच्यात बीज असतं. बाई म्हणायच्या, माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांपेक्षा चाचांची नजर बरी आहे.

थर्मासमध्ये कोमट मिठाचं पाणी असायचं. ते किती कोमट आहे हे बाई मनगटावर थेंब टाकून बघायच्या, तान्ह्याचं दूध बघतात तसं. ही उपमा माझी. बाईंनी खोडली असती.

एकदा आमच्या प्राचार्यांनी चहा समजून तो थर्मास स्टाफरूममध्ये कपात ओतला. कपात गुलाबी गोळे पडले. प्राचार्य कपाकडे बघत राहिले. बाईंनी त्यांच्या हातून कप घेतला, गोळे एकेक करून परत थर्मासमध्ये सोडले, "गार तर नाही ना झाले," असं स्वतःशीच म्हणत प्रयोगशाळेत निघून गेल्या. प्राचार्यांनी त्यानंतर स्टाफरूममध्ये चहा घेणं सोडलं. आम्हाला ते बरंच झालं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारायची शहरात कोणाची छाती नव्हती, म्हणून सगळे आपापल्या मनानं कारणं लावायचे. बाई आणि अंडाशयं हे समीकरण लोकांना फार रंगवता यायचं. स्वतःला पोर नाही म्हणून बकऱ्यांची पोटं उकरते, असं आमच्याच स्टाफमधले एक गृहस्थ बोलले होते. मी त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाही, आणि माझं काही अडलंही नाही.

बाईंना पीएच.डी. करायची होती. प्रयोगशाळेत एक जुनी उबवणीची पेटी होती. तिच्यात बकरीच्या बीजाभोवतीच्या पेशी वाढवायच्या आणि त्या कशाच्या बळावर वाढतात ते पाहायचं, हा त्यांचा विषय. पण ती भारनियमनाची वर्षं होती. वीज जायची, पेटी गार पडायची, पेशी मरायच्या. बाई रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून पेटीत ठेवायच्या, वर घोंगडी घालायच्या, आणि तरीही आठवड्याची मेहनत एका दुपारी संपायची. विद्यापीठातले मार्गदर्शक म्हणाले की विषय बदला, मासे घ्या, मासे गारठ्यात मरत नाहीत. बाई परत आल्या त्या पुन्हा तिकडे गेल्या नाहीत. पीएच.डी. गेली, पण रविवारचा थर्मास चालू राहिला.

"बीज एकटं पिकत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. कोणालाही ऐकवायच्या, कॉलेजच्या शिपायालासुद्धा. बाईच्या अंडाशयात तिची सगळी बीजं तिच्या जन्माआधीपासून निजून असतात. त्यातलं एखादं जागं होतं ते आपोआप होत नाही. भोवतीच्या पेशी त्याला काही पाठवतात आणि तेही त्या पेशींना काही पाठवतं. या देवाणघेवाणीत जे द्रव्य चालतं त्याला त्या 'वाढीचे घटक' म्हणायच्या. असतात अगदी कणभर, पण आता वाढ, आता थांब, आता इकडे रक्त येऊ दे, हे तेच सांगतात. कमी पडले तर बीज अर्ध्यावर थांबतं. जास्त झाले तर अंडाशयच सुजतं. आणि वेळ चुकली तर कितीही असून उपयोग नाही.

"एवढं सगळं आत चाललेलं असतं," बाई म्हणायच्या, आणि इथे त्यांची शुद्ध मराठी सुटायची, "अन लोक एका शब्दात बाईले वांझ म्हणून मोकळे. काहून? कोणी आत पाह्यलं?"

कापसाची ती वाईट वर्षं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचं नाव रोज वर्तमानपत्रात यायचं. मुंबई-दिल्लीहून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, एक समिती गेली की दुसरी यायची. बापे बाप्यांशी बोलायचे आणि बाया दाराच्या चौकटीत उभ्या राहून ऐकायच्या. बियाणं उगवलं नाही की कंपनीला शिव्या, भाव मिळाला नाही की सरकारला शिव्या. घरात पाळणा हलला नाही तर शिव्या कोणाला द्यायच्या, याबद्दल मात्र कुठल्याच गावात मतभेद नव्हते.

वंदना बाईंची विद्यार्थिनी. मूळची घाटंजीची, इथे मावशीकडे राहून शिकायची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला घरच्यांनी लग्न लावून दिलं, ती फुलसावंगीकडच्या एका खेड्यात गेली आणि शिक्षण सुटलं. घर खाऊनपिऊन बरं होतं. नवरा एकुलता एक, वडील नाहीत, सगळा कारभार सासूच्या हातात. लग्नाला बरीच वर्षं झाली आणि मूल नव्हतं. एक दिवस ती कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. बाईंना म्हणाली, मॅडम, सासू दुसरी पोरगी पाहून राह्यली. रडली वगैरे नाही. प्रॅक्टिकलला उशीर झाल्याचं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

बाई मला घेऊन त्याच आठवड्यात त्या गावी गेल्या. ओसरीवर चहा आला. बाईंनी कप हातात न घेता नवऱ्याला सांगितलं की आधी तुझी तपासणी, मग तिची. तो लाल झाला, गावातली चार माणसं ऐकत होती. सासू ओरडेल असं मला वाटलं. पण म्हातारी मोठी समजूतदार निघाली. "जाय ना मंग," ती पोराला म्हणाली. "मॅडमबाई काय तुले खाते?"

तो गेला. त्याच्यात काही दोष नव्हता. मग वंदनाची तपासणी झाली. पुसदच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत पाहिलं तर बीजं वाढायला लागत होती, पण एकही पुरतं वाढत नव्हतं. पाच-सहा फुगे अर्ध्यावर येऊन थांबलेले. उपचार होता. वेळ लागणार होता, पण होता.

सासूनं मुदत दिली. "उलंगवाडीलोक थांबते," ती म्हणाली. "मंग म्या माह्या पोराचं पाह्यते." शेवटचा कापूस वेचून होतो आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायच्या तेवढ्या उरतात, ती उलंगवाडी. म्हणजे पावसाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. तोवर वंदनाला दिवस गेले तर ती त्या घरात राहणार, नाही तर नाही. बाईंनी मुदत मान्य केली. मला ती पटली नाही. मी परतीच्या एसटीत म्हटलं की बाई, हा काय कापसाचा सौदा आहे? त्या म्हणाल्या, तू भांड, मी तिला बरी करते.

म्हातारी वाईट नव्हती, हे मला आजही लिहावंसं वाटतं, आणि लिहिताना रागही येतो. वाईट असती तर सोपं झालं असतं. ती वंदनाच्या डोक्याला आपल्या हातानं तेल लावायची. उपचार सुरू झाल्यावर तिनं तिला कापसाचं गाठोडं उचलू दिलं नाही. गोळ्यांच्या वेळा तिलाच जास्त पाठ होत्या. फक्त तिला नातू हवा होता, आणि उलंगवाडीच्या आत हवा होता.

पोळा झाला आणि गावातल्या बचतगटाच्या बायांनी बाईंना बोलावलं. वंदनानंच पुढाकार घेतला होता. बायांच्या पोटाबद्दल कोणीतरी नीट सांगावं, असं तिला वाटत होतं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. बाया उशिरा आल्या, चिखलाच्या पायांनी, आणि येताना एकच विषय घेऊन आल्या. त्या साली पावसानं मध्येच ताण दिला होता आणि कपाशीची पाती गळत होती. पातं म्हणजे कपाशीची कळी. ती गळली की बोंड नाही आणि बोंड नाही की कापूस नाही. एकीच्या शेतात झाडांखाली पात्यांचा सडा पडला होता, दुसरी सांगत होती की फवारलं तेव्हा कुठे थांबली.

बाईंनी ते ऐकलं आणि त्यांना त्यात उपमा सापडली. कोणालाही सापडली असती.

"कपाशीला पाती किती लागतात?" त्यांनी विचारलं. "आणि बोंडं किती होतात?" बाया म्हणाल्या, बाकीची गळतात. "तसंच बाईच्या अंडाशयाचं," बाई म्हणाल्या. "दर महिन्याला कितीतरी बीजं वाढायला निघतात. एक पिकतं, बाकीची गळतात. कोणाकोणाची सगळीच गळतात. वाढीचं द्रव्य कमी पडलं, की पातेगळ होते. म्हणून त्या बाईला वांझ म्हणू नका. पातं गळलं म्हणून तुम्ही जमिनीला वांझ म्हणता का?"

मग मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "हे त खरं हाय, बापा." एकीनं डोळ्याला पदर लावला. वंदनाची सासू पुढच्याच रांगेत होती आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी इतकी वर्षं अलंकार शिकवले, पण उपमा माणसाच्या आत जाऊन बसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बाईंनी पुढे हेही सांगितलं होतं की हे द्रव्य वेळेवर आणि मोजकंच लागतं, डॉक्टरशिवाय काही घ्यायचं नाही. मी शपथेवर सांगते, त्यांनी सांगितलं होतं. पण तोवर बायांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

दिवाळीच्या अलीकडे वंदनाच्या नवऱ्याचा बाईंना फोन आला. वंदनाला पुसदच्या दवाखान्यात आणलं होतं. आम्ही दोघी तास सोडून धावलो.

त्या वर्षांत शेतातलं औषध पोटात गेलेला माणूस दवाखान्यात आला, की का असं कोणी विचारत नसे. सगळ्यांना उत्तर ठाऊक असायचं. वॉर्डातल्या बाया एकमेकींना सांगत होत्या की पोर होत नव्हतं, म्हणून पोरीनं घेतलं. हवालदार दारात कागद घेऊन उभा होता आणि त्यानंही तेच लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात भिंतीशी बसलेली सासू उठली.

"तिनं नाही घेतलं," ती म्हणाली. "म्या देल्लं."

हवालदार तिच्याकडे बघायला लागला. म्हातारी काही लपवत नव्हती. लपवावं असं तिला वाटलंच नव्हतं. "पाते गळले त आपण टानिक मारतो ना वावरात? मंग गळ थांबते. इचे पाते गळून राह्यले होते, म्हनून इले दुधातून देल्लं. एकच झाकण. चार-पाच दिस झाले देऊन राह्यली. मॅडमबाईनंच त सांगतलं होतं पातेगळीचं."

सगळे बाईंकडे वळले. मी म्हणणार होते की बाईंनी असं सांगितलं नव्हतं. तोंड उघडलंही होतं. बाईंनी माझा हात दाबला.

"हो," त्या हवालदाराला म्हणाल्या. "मी सांगितलं. माझं नाव लिहा."

त्यानं काय लिहिलं कोण जाणे. चौकशी पुढे गेली नाही. त्या बाटलीत नेमकं काय होतं, तेही कधी कळलं नाही. तशी टॉनिकं त्या वर्षांत ढीगभर निघाली होती, चकचकीत चित्रं आणि खाली कोणाचंच नाव नाही. कोणी म्हणालं, त्यात कीटकनाशक मिसळलेलं असतं, म्हणून तर पिकावर फरक दिसतो. वंदनाचं यकृत सुजलं होतं. पण ती वाचली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. रक्ताच्या तपासणीत दिसलं होतं. वंदनाला दिवस गेले होते. अगदी सुरुवातीचे, महिनासव्वा महिन्याचे. उपचार लागू पडला होता. एक बीज पुरतं पिकलं होतं, आणि त्यावर दुधातून झाकणं गेली. ते पडलं.

वंदनाला हे आधीच कळलं होतं. पाळी चुकली तेव्हाच तिला शंका होती, पण खात्री होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. बाई खाटेशी गेल्या तेव्हा ती छताकडे बघत होती.

"मॅडम, बुढीले सांगू नका."

बाई म्हणाल्या, सांगावं लागेल. उपचारानं गुण आला हे त्यांना कळायला हवं, नाही तर तू तिथे राहणार नाहीस.

"बुढी दोन दिसापासून भाकर खाऊन नाही राह्यली," वंदना म्हणाली. "आपल्याच हातानं नातू मारला हे तिले समजलं त ते जगन काय? घरात औषधाच्या बाटल्या उघड्या पडून असते, मॅडम. मी पाह्यतो रोज. माह्या मालकालेही नका सांगू, ते मायजवळ बोलल्याबिगर राहात नाही." मग जरा वेळानं, "एक डाव राह्यलं त पुन्हा राहील ना?"

राहू शकलं असतं, हे खरंच होतं. पण यकृत बरं होईपर्यंत कुठलंही औषध द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी नुकतंच सांगितलं होतं. किमान सहा महिने. उलंगवाडी त्याच्या आधी होती.

आम्ही बाहेर आलो. सासू भिंतीशी तशीच बसली होती. बाईंना पाहून ती उठली आणि तिनं बाईंचा हात धरला. तिनं विचारलं तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं.

"मॅडमबाई, खरं सांगजा. इच्या पोटात काही होतं काय?"

विद्यार्थ्याच्या कागदावर अर्धा शब्द चुकला तरी अर्धा गुण कापणाऱ्या बाई. चुकीचं वाक्य कुठेही ऐकलं, बसमध्येसुद्धा, तर दुरुस्त केल्याशिवाय न राहणाऱ्या बाई. त्यांनी म्हातारीच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नव्हतं."

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. मग तिच्या चेहऱ्यावर दुसरं काहीतरी आलं, आणि ते मी ओळखलं. एवढे उपचार झाले, एवढं सगळं केलं, तरी काही नव्हतं.

पुढचं सांगायला फार नाही. मी त्या हिवाळ्यात बाईंशी रोज भांडले. सांगून टाका म्हटलं, तुमच्या एका शब्दानं तिचं घर राहील. बाई दोनदा वंदनाकडे परवानगी मागायला गेल्या. दोन्ही वेळा ती नको म्हणाली. बुढीले एकदा नाही म्हटलं ना मॅडम, आता तेच राहू द्या, म्हणाली. उलंगवाडी झाली. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या आणि बॉन्ड पेपरवर फारकत झाली. म्हातारी रडली म्हणे. वंदनाच्या डोक्याला शेवटचं तेल लावून, वेणी घालून तिनं तिला घाटंजीच्या एसटीत बसवून दिलं. नवरा स्टँडवर आला नाही. हे मी ऐकलेलं आहे, आणि ऐकल्यापासून विसरायचा प्रयत्न करते आहे.

त्यानंतर बाई मटण मार्केटात गेल्या नाहीत. चाचांनी बरेच रविवार दाने बाजूला काढून ठेवले. मग एकदा ते स्वतः कॉलेजच्या फाटकाशी येऊन विचारून गेले, "मॅडम की तबियत ठीक है ना?" उबवणीची पेटी बंद झाली. आता वीज टिकायला लागली होती, तर पेटीत ठेवायला काही नव्हतं. आणि बाईंचा तास असा झाला, की व्हरांड्यात रेंगाळावं असं त्यात काही उरलं नाही. बीज, पेशी, द्रव्य, मात्रा, वेळ. प्रत्येक गोष्ट तिच्या नावानं. पोरं जांभया द्यायची. कोणी 'म्हणजे कशासारखं, मॅडम?' असं विचारलं, की बाई फळ्याकडे तोंड करून म्हणायच्या, "कशासारखं नाही."

थर्मास मात्र गेला नाही. महिन्यातून एकदा शनिवारी बाई त्यात चहा भरून घाटंजीला जायच्या. आठवडी बाजारात वंदना आईशेजारी आलं-लसणाचे वाटे लावून बसायची. दोघी तिथेच चहा प्यायच्या. बाई तिला पुन्हा कॉलेजचं विचारायच्या, ती विषय बदलायची. कधीकधी मीही जायची.

दोनेक वर्षांनी म्हातारी स्टाफरूममध्ये आली. कडेवर नातू, हातात पेढ्यांचा पुडा. दुसऱ्या सुनेचा मुलगा, गुटगुटीत, काजळ फासलेला. तिनं बाईंना खाली वाकून नमस्कार केला. बाई उठून मागे सरकल्या, खुर्ची पडता पडता राहिली.

"मॅडमबाई, तुमचे उपकार हाय," म्हातारी म्हणाली. "तुमी तवा खोटी आशा देल्ली असती त आमी आजही वाट पाहत बसलो असतो. तुमी खरं सांगतलं, म्हनून माह्यं घर उभं राह्यलं."

मी बाईंकडे पाहिलं. आता तरी दुरुस्त करतील, असं मला वाटलं. लाल पेन त्यांच्या हातातच होतं. त्यांनी त्याचं टोपण लावलं, पेढा घेतला आणि पोराच्या गालाला हात लावला. म्हातारीनं विचारलं की कोणावर गेला, सांगा बरं.

"तुमच्यावर," बाई म्हणाल्या. "डोळे तर अगदी तुमच्यासारखे आहेत."

म्हातारी हरखून गेली. त्या दिवाळीनंतर बाईंच्या तोंडून 'सारखं' मी पहिल्यांदा ऐकलं. ती गेल्यावर बाईंनी पेढा कागदात बांधून पर्समध्ये ठेवला. खाल्ला नाही.

त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर घाटंजीला गेले. बाजार भरात होता. वंदना एका गिऱ्हाइकाला आलं देत होती. बाईंनी तिला थर्मासच्या झाकणात चहा दिला आणि म्हातारी आल्याचं सांगितलं. वंदनापासून काही लपवून ठेवणं त्यांना जमत नव्हतं. वंदनानं आधी म्हातारीचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मग पोराचं विचारलं. कोणावर गेलं?

"बुढीवर," बाई म्हणाल्या.

वंदना हसली. आल्याच्या गिऱ्हाइकाला तिनं सुटे परत केले, वाटा सारखा केला, चहाचा घोट घेतला. मग तिनं बाईंकडे पाहिलं.

"म्हंजे माह्यंही तसंच दिसलं असतं," ती म्हणाली.

एकाच बापाची दोन मुलं सारखी दिसतीलच असं नाही, हे बाईंनी जन्मभर शिकवलं होतं. आईकडून निम्मं येतं, आणि कोणतं निम्मं येईल ते कोणालाच सांगता येत नाही. वंदनाही ते त्यांच्याच वर्गात शिकली होती. बाईंचे ओठ हलले, आणि मला वाटलं, त्या तेच सांगतील.

"हो," बाई म्हणाल्या. "अगदी तसंच."